ड्रेवेस यांच्या घरातली वाजवी चौकशी

प्रत्येक गुन्ह्याला एक गुन्हेगार लागतो आणि तो सापडेपर्यंत त्याच्या खुर्चीवर कुणालातरी बसवून ठेवावं लागतं. नाहीतर कोर्टात रिकाम्या खुर्च्या दिसू लागतात आणि लोकांचा न्यायावरचा विश्वास उडतो. घरफोडीच्या गुन्ह्यात ही खुर्ची वर्षानुवर्षं रिकामी राहू शकते. गाण्याच्या चोरीचं तसं नाही. गाणं इंटरनेटवरून चोरलं जातं, इंटरनेट तारेतून येतं, तार कुणाच्यातरी घरात शिरते आणि त्या घराचं बिल कुणाच्यातरी नावावर असतं. ज्याचं बिल, तो खुर्चीवर. (पाण्याच्या बिलाला हा नियम लावलेला नाही. तुमच्या नळाच्या पाण्यात शेजाऱ्याने कुणाला बुडवलं, तर कायदा आधी शेजाऱ्याकडे जातो.)

आमच्या जर्मनीतल्या हिल्डेसहाइम गावात राहणाऱ्या ड्रेवेस कुटुंबाचं बिल फोल्कमार ड्रेवेस याच्या नावावर होतं. फोल्कमार पदार्थविज्ञान शिकला होता आणि सरकारी वजनमापे कचेरीत नोकरीला होता. बाजारातले काटे, पेट्रोलपंप, टॅक्सीचे मीटर तपासायचे आणि बरोबर असतील तर शिक्का मारायचा, हे त्याचं काम. "आम्ही विश्वाची कोडी सोडवायला म्हणून शिकलो," असं तो स्वतःच सांगायचा, "आणि आता बटाटे मोजतो. पण तिसऱ्या दशांशापर्यंत." न बघता त्याने आजवर एकाही काट्यावर शिक्का मारला नव्हता. लग्नाची नोंदणी करतानासुद्धा त्याने सही करण्याआधी मजकूर दोनदा वाचला होता, आणि गेझीने नावाची त्याची बायको ही गोष्ट अजून विसरलेली नव्हती.

जूनमधल्या एका शनिवारी सकाळी पाव कापता कापता त्याने हॅम्बुर्गच्या एका वकिलांच्या कचेरीचं जाडजूड पाकीट उघडलं. सदरहू कचेरीने कळवलं होतं की, मागच्या सुट्टीच्या सोमवारी दुपारी त्याच्या घरच्या जोडणीवरून टोनी ब्रांडाउ या गायकाचा 'लिग्नानोची शेवटची बोट' हा गीतसंच अखिल जगाला मोफत देऊ करण्यात आला. (इंटरनेटवर गाणी वाटून घ्यायच्या सोयीत एक मेख असते. तुम्ही घ्यायला लागलात की तुमच्या नकळत तुमच्याकडून इतरांना द्यायलाही सुरुवात होते. घेणं एक वेळ कायदा पोटात घालेल. औदार्य तो खपवून घेत नाही.) जगाने ही भेट स्वीकारली का, याबद्दल पत्रात अवाक्षर नव्हतं. नुकसानभरपाई मात्र चांगलं ओव्हनसकट स्वयंपाकघर बसवता येईल इतकी मागितली होती.

तिन्ही मुलं त्या दिवशी अपवादाने टेबलावर होती. वीबके तेवीस वर्षांची, माल्टे वीस, आणि धाकटा एन्नो नुकताच अठरा पूर्ण झालेला.

"टोनी ब्रांडाउ?" माल्टे म्हणाला. "म्हणजे तो अजून आहे?"

"आरोप गंभीर आहे," फोल्कमार म्हणाला.

"आरोप कसला पप्पा, हा अपमान आहे," वीबके म्हणाली. "बँक लुटली म्हणा, आत्ता सही करून देते. पण ब्रांडाउ? मला चारचौघांत जायचंय."

"पांढरे बूट घालून अ‍ॅकॉर्डियन वाजवतो, तोच ना?" एन्नोने विचारलं.

"तोच," गेझीने लोणी फासत म्हणाली. "आणि या घरात त्याची सगळी गाणी तोंडपाठ असलेला एकच माणूस आहे."

चौघांनी एकाच माणसाकडे पाहिलं. ते खरंच होतं. 'लिग्नानोची शेवटची बोट' ही तबकडी तळघरात, सायकलींच्या मागे उभी होती. फोल्कमारने ती कॉलेजात असताना रोख पैसे मोजून घेतली होती. (कायद्याच्या दृष्टीने याला काही किंमत नाही. तुमच्या तळघरात बटाटे आहेत म्हणून दुकानातून बटाटे उचलता येत नाहीत.) थोडक्यात, गुन्ह्याची तार त्याच्या घरात, बिल त्याच्या नावावर आणि आवडही त्याचीच. फक्त गुन्हा त्याने केलेला नव्हता.

सोमवारी तो उलेनब्रोक बाईंकडे गेला. बाई या विषयातल्या नावाजलेल्या वकील होत्या आणि त्यांची कचेरी बेकरीच्या वर असल्यामुळे अशिलं येताना घाबरलेली आणि जाताना भुकेलेली असत.

"तुम्ही केलंत?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"कुणी केलं, ठाऊक आहे?"

"नाही. पण संध्याकाळपर्यंत शोधून काढतो. राउटरमध्ये नोंद असते, प्रत्येक मशीनचा क्रमांक असतो. मला फार तर एक तास—"

"खबरदार," उलेनब्रोक बाई म्हणाल्या.

मग त्यांनी कायदा समजावून सांगितला. तो इतका सुसंगत आहे की त्याची स्तुती केल्याशिवाय पुढे जाणं योग्य होणार नाही. मुलं सज्ञान असल्यामुळे बापाने त्यांच्यावर पहारा ठेवावा, अशी कायद्याची अपेक्षा नाही. कायदा कुटुंबसंस्थेचा आदर करतो. पण घरात नेमकं काय घडलं, याची बापाने वाजवी चौकशी करावी, अशी अपेक्षा आहे. कायदा गाण्यांच्या मालकांचाही आदर करतो. चौकशीत नाव कळलं, तर ते हॅम्बुर्गला कळवायचं. नाव कळूनही कळवलं नाही, तर गुन्हा बापानेच केला असं धरायचं. आणि चौकशी करूनही काहीच कळलं नाही, तर बाप मोकळा.

"म्हणजे शोधायचं, पण सापडू द्यायचं नाही?"

"असं मी म्हटलेलं नाही," बाई म्हणाल्या. "असं तुम्हाला समजलं."

"मी सरळ पैसे भरून सही केली तर?"

"प्रकरण मिटतं. बहुतेक बाप तेच करतात."

"पण मी केलेलं नाही. न बघितलेल्या काट्यावर शिक्का कसा मारू?"

"मग मुलाचं नाव कळवा."

आपल्या पोटच्या पोराचं नाव स्वच्छ अक्षरांत लिहून परक्या शहरातल्या वकिलांना पाठवायचं, म्हणजे ते त्याच्या मागे लागतील, ही कल्पना फोल्कमारला खोट्या शिक्क्याहूनही ओंगळ वाटली.

"तर उरलं अज्ञान," बाई म्हणाल्या. "जमेल तुम्हाला?"

"मी सरकारी नोकर आहे," फोल्कमार जरा दुखावला जाऊन म्हणाला.

घरी येऊन त्याने शास्त्रीय पद्धतीने सुरुवात केली. तिघांपैकी प्रत्येकावरचा संशय त्याने तेहतीस पूर्णांक तीन दशांश टक्के धरला. बेरीज नव्याण्णव पूर्णांक नऊ दशांश भरली. उरलेला एक दशांश टक्का त्याने प्रामाणिकपणे स्वतःकडे घेतला. हे आकडे खटला संपेपर्यंत हलता कामा नयेत, हे त्याने मनाशी ठरवलं. आयुष्यभर काट्याची थरथर कमी करण्यात गेलेल्या माणसाला आता एक काटा थरथरत ठेवायचा होता, आणि त्यातही तो अव्वल ठरणार याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती.

आता चौकशी. ती वाजवी हवी, म्हणजे प्रत्येकाला समोरासमोर प्रश्न विचारला गेलाच पाहिजे. मात्र उत्तर ऐकू आलं पाहिजे, असं बाई कुठेच म्हणाल्या नव्हत्या. फोल्कमारने यावर तोडगा काढला: व्हॅक्यूम क्लीनर लावून प्रश्न विचारायचा. घरातलं मशीन जुनं होतं आणि त्याच्या आवाजात माणसाचं बोलणं बुडतं, हे त्याने कचेरीतलं ध्वनिमापक आणून पडताळून पाहिलं होतं.

तिघंही एकत्र घरी असायची फक्त रविवारी. वीबके गटिंगनच्या विद्यापीठातून रेल्वेने यायची, माल्टे दुपारी उठायचा. म्हणून चौकशी रविवारची ठेवली. आणि इथे हा काटेकोर माणूस चुकला, तेही अशा ठिकाणी की आमच्याकडचं शेंबडं पोरही चुकणार नाही. रविवारी कायद्याने शांतता पाळायची असते, व्हॅक्यूम क्लीनर लावायचा नसतो. देव विश्रांती घेत असतो आणि खालच्या मजल्यावर पापेबाई.

मुलांना भिंतीशी ओळीने उभं केलं होतं. फोल्कमारने मशीन सुरू केलं आणि त्याच्या घरघरीवर ताण करत तो ओरडला, "हे तुमच्यापैकी कुणी केलं?" मुलांचे ओठ हलले. सगळं अपेक्षेप्रमाणे चाललं होतं. तेवढ्यात दाराची घंटा अशी वाजू लागली की ती मशीनच्या वरताण ऐकू आली. आवाजाने दार आपोआप उघडलं असतं, पण ते एन्नोने उघडलं.

"ड्रेवेससाहेब!" पापेबाई जिन्यातूनच कडाडल्या. "आज वार कुठला? तुम्हीच असं करायला लागलात तर तुर्कांना काय सांगायचं मी?" (तिसऱ्या मजल्यावरचं तुर्की कुटुंब रविवारी कधीही व्हॅक्यूम लावत नसे, पण पापेबाईंना त्यांची काळजी असे.)

फोल्कमार शरमेने लाल झाला. कायद्यापुढे तो नेहमीच घाईने वाकतो. त्याने वळून, खाली वाकून प्लग उपटला. एकदम शांतता झाली, आणि त्या शांततेत, त्याच्या पाठीमागून, कुणाचंतरी अर्धं वाक्य ऐकू आलं:

"...तुमच्यासाठीच होतं ते, पप्पा."

तो तसाच वाकून राहिला. आवाज मुलाचा होता की मुलीचा, हे त्याने ठरवलं नाही. कोणत्या कोपऱ्यातून आला, हेही ठरवलं नाही. माणसाच्या दोन कानांना दिशा कळते, ती आवाज पोचण्यातल्या सूक्ष्म फरकामुळे, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्याने झटकन एक कान बोटाने बंद केला. आकडे हलले नाहीत. तेहतीस पूर्णांक तीन, तेहतीस पूर्णांक तीन, तेहतीस पूर्णांक तीन.

"चौकशी पूर्ण झाली," तो भिंतीला उद्देशून म्हणाला. "काहीही निष्पन्न झालं नाही."

"तुझी कंबर धरलीय का?" गेझीनेने विचारलं.

गेझीनेला अर्थातच सगळं माहीत होतं. ती औषधाच्या दुकानात काम करते. सगळ्या गावाचं काय दुखतं ते तिला कळतं, मग घरातल्यांचं कळणार नाही? पण बिल तिच्या नावावर नव्हतं, त्यामुळे तिच्या माहिती असण्याला कायद्याची हरकत नव्हती. आमच्याकडे घरोघरी जी व्यवस्था पूर्वीपासून आहे, म्हणजे मुलांचं सगळं आईला ठाऊक आणि बापाला काही नाही, तिच्यावर कायद्याने फक्त मोहोर उमटवली होती.

त्यानंतर घरात अज्ञानाची अंमलबजावणी सुरू झाली. आधी गुणगुणायला बंदी आली. मग गाण्यांबद्दल बोलायला. मग मित्रांची नावं घ्यायला, कारण मित्र म्हणजे संभाव्य साक्षीदार. मग कोण कुठल्या सुट्टीत कुठे होतं, हे बोलायला. फुटबॉल काही आठवडे चालू राहिला, पण मैदानावर सामन्याआधी गाणं म्हणतात हे लक्षात आल्यावर तोही गेला. फोल्कमारच्या हिशेबाने घरातलं एकसष्ट टक्के बोलणं पुराव्यात मोडत होतं. उरलेल्यात हवामान आणि कचऱ्याचे डबे होते. दोन्ही विषय आमच्याकडे खोल आहेत. प्लास्टिकची खिडकी असलेलं कागदी पाकीट कागदाच्या निळ्या डब्यात की प्लास्टिकच्या पिवळ्या, यावर एक अख्खं जेवण निघतं. ड्रेवेस कुटुंब इतकं शांतपणे पूर्वी कधीच जेवलं नव्हतं.

एकदा भर दुपारी माल्टे फोल्कमारच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला.

"पप्पा, एक सांगायचं होतं."

"डब्यांबद्दल?"

"नाही. माझ्याबद्दल."

"मग आईला सांग."

"ते गाण्याचं नाहीये हो."

"नाहीये, हेसुद्धा सांगू नकोस," फोल्कमार कळवळून म्हणाला. "त्याने तुझे टक्के कमी होतात आणि बाकीच्या दोघांचे वाढतात."

माल्टे निघून गेला. पुढच्या आठवड्यात जिन्यात पापेबाई भेटल्या. "अभिनंदन हं," त्या म्हणाल्या, "तुमचं लेकरू नॉर्वेला चाललं म्हणे."

"कोणतं?" फोल्कमारने विचारलं, आणि लगेच हात वर केला. "नको, नको. राहू द्या."

सप्टेंबरात त्याला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. पन्नाशीला आमच्याकडे माणसाला गाण्यातून सोलून काढायची रीत आहे. त्याच्या आवडीची एखादी चाल घ्यायची, मूळ शब्द काढून त्याच्या फजित्या यमकात बसवायच्या, कागद पाहुण्यांत वाटायचे आणि सगळ्यांनी त्याच्या तोंडावर गायचं. त्यासाठी कुणालातरी मूळ गाणं पुन्हा पुन्हा ऐकून मात्रा मोजाव्या लागतात, आणि वाढदिवसाआधी त्याला कळू द्यायचं नसतं, कारण आधी बोलणं अपशकुनाचं. सामान्य बुद्धीच्या माणसाने एवढ्यावरून बराच उलगडा केला असता. फोल्कमारची बुद्धी असामान्य होती, आणि ती त्याने सध्या बंद ठेवली होती.

"मुलांनी महिनाभर बसवलंय," गेझीने म्हणाली. "ऐकणार नाहीस?"

"मुलांनी म्हणजे तिघांनी की... नको, सांगू नकोस."

"फोल्कमार, बाप हो रे. वजनकाटा नको होऊस."

त्याने उलेनब्रोक बाईंना फोन केला. बाई म्हणाल्या, "गाण्याच्या वेळी तुम्ही खोलीत नसलात, तर माझं काम सोपं होईल. पण पूर्ण गैरहजेरीही बरी दिसणार नाही. बाल्कनी आहे?"

बाल्कनी होती. शिवाय बाल्कनीला तीन काचांचं दार होतं. ते फोल्कमारने स्वतः निवडलं होतं आणि आवाज किती अडवतं याचं प्रमाणपत्र आल्यागेल्याला दाखवलं होतं. वाढदिवसाच्या दिवशी आलुबुखाराचा केक कापून झाल्यावर तो बाहेर गेला आणि आतून कुणीतरी कडी लावली. कचेरीतले सहकारी, गेझीनेची बहीण, पापेबाई, सगळे हातात कागद घेऊन उभे राहिले. फोल्कमारने पाठ फिरवली, कारण हातांच्या हालचालींवरून वाद्य कळतं आणि वाद्यावरून मूल. त्याने जिरेनियमच्या कुंड्यांकडे बघितलं. प्रमाणपत्र खरं होतं. काहीही ऐकू आलं नाही. फक्त काचेला हात टेकला होता, त्या हाताला ताल कळत होता, आणि तळहाताला काय कळतं ते कोर्टात विचारलं जाईल का याची खात्री नसल्यामुळे त्याने हातही काढून घेतला.

आत टाळ्या पडताना दिसल्यावर त्यानेही बाहेर वाजवल्या. दार उघडलं तेव्हा सगळ्यांचे डोळे ओले होते. पापेबाई रुमालात नाक शिंकरत म्हणाल्या, "काय लिहिलंय हो तुमच्या..." आणि मग त्यांना आठवलं. "कुणीतरी," असं त्यांनी वाक्य पूर्ण केलं.

खटला पुढच्या वसंतात उभा राहिला. हॅम्बुर्गच्या वकिलांचा मुद्दा तर्काला धरून होता: एका छपराखाली राहणारा, शिकलेला, मापात जगणारा बाप, त्याला आपल्या मुलांची माहिती असणारच. त्यांनी फोल्कमारला प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"तुमची मुलगी काय शिकते?"

"आधी भूगोल शिकत होती."

"आणि आता?"

"विचारलेलं नाही."

"मोठ्या मुलाचे मित्र कोण?"

"असावेत."

"धाकटा संध्याकाळी कुठे असतो?"

"घरात किंवा घराबाहेर," फोल्कमार म्हणाला. "यात चूक होण्याची शक्यता शून्य आहे."

"तिघांपैकी कुणी दुसऱ्या देशात जाणार आहे का?"

"एक जण. कदाचित गेलाही असेल. किंवा गेली."

वकिलांनी कागद खाली ठेवला. "ड्रेवेससाहेब, तुमच्या पन्नासाव्या वाढदिवसाला याच गायकाच्या चालीवर गाणं झालं का?"

"झालं म्हणतात. मी बाल्कनीत होतो."

न्यायाधीशबाईंना सर्दी झाली होती आणि त्या आतापर्यंत खाली बघून लिहीत होत्या. त्यांनी मान वर केली. "बाल्कनीत? तुमच्याच वाढदिवसाला?"

"हो. दार तीन काचांचं आहे. प्रमाणपत्र आणलंय."

ते दाखल करून घेण्यात आलं. निकालात म्हटलं होतं की, प्रतिवादीने घरात वाजवी चौकशी केली, आपल्या मुलांविषयी त्याला काहीही ठाऊक नाही ही बाब निःसंशय सिद्ध झाली आहे, आणि इतका विश्वासार्ह अज्ञानी पिता या न्यायालयाने क्वचितच पाहिला असेल. दावा खर्चासह फेटाळण्यात आला. उलेनब्रोक बाईंनी त्याचा हात हातात घेऊन हलवला. फोल्कमारने आयुष्यात कुठल्या परीक्षेत पहिला नंबर काढला नव्हता. त्याने निकालाची एक जास्तीची प्रत मागून घेतली.

अपिलाची मुदत टळली, त्या रविवारी त्याने जेवताना काटाचमचा खाली ठेवला. टेबलाशी वीबके आणि एन्नो होते. माल्टेची खुर्ची भिंतीला लावून ठेवलेली होती, आणि ती केव्हापासून तशी आहे हे त्याला आठवेना.

"आता सांगायला हरकत नाही," तो म्हणाला.

"काय सांगायला, पप्पा?" वीबकेने विचारलं.

"काहीही. गाण्याचं. किंवा दुसरं. तुम्ही काय... म्हणजे, कसं चाललंय?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणीही रागावलेलं नव्हतं. अनोळखी माणसाने रस्त्यात अचानक फार जवळचं काही विचारलं की चेहऱ्यावर येतो तसा सौजन्याचा भाव त्यांच्या चेहऱ्यावर आला.

"छान चाललंय," एन्नो म्हणाला. "मंगळवारपासून थंडी कमी होणार म्हणतायत."

वाचणाऱ्यांना इथे फोल्कमारची कीव येण्याचा संभव आहे. ती अस्थानी आहे. त्याला या अवस्थेला पोचायला एक वकीलबाई, तीन काचा आणि जवळजवळ एक वर्ष लागलं. तेही मूळचा काटेकोर माणूस म्हणून. तुम्हाला यातलं काहीही लागलेलं नाही. पलीकडच्या खोलीत, कानात इअरफोनची बोंडं घालून बसलेलं तुमचं मूल या घटकेला कोणतं गाणं ऐकतंय, सांगता येईल? नाही ना? अभिनंदन. कायद्याच्या दृष्टीने तुम्ही संपूर्ण निर्दोष आहात. फक्त आता उठून विचारायला जाऊ नका. एखाद्या वेळी ते सांगेल.